जुन्या बँडची नवी गाणी कोण ऐकणार?

ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्व लंडनमधील 'हॅकनी गॅझेट' या स्थानिक वृत्तपत्रात काचा दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानाची लहानशी जाहिरात प्रसिद्ध झाली. दुकानाचे नाव होते 'हॅकनी डायमंड्स'. वरवर पाहता तीत विशेष असे काही नव्हते. परंतु मजकूर लक्षपूर्वक वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले की, 'रोलिंग स्टोन्स' या जगप्रसिद्ध बँडच्या जुन्या गाण्यांची नावे त्यात बेमालूमपणे गुंफलेली आहेत. असे दुकान मुळात अस्तित्वातच नव्हते. 'हॅकनी डायमंड्स' म्हणजे तिकडच्या बोलीत फुटलेल्या काचांचा चुरा. आणि तेच होते स्टोन्सच्या येऊ घातलेल्या अल्बमचे नाव. स्वतःच्या नव्या रचनांचा अल्बम हा बँड तब्बल १८ वर्षांनी काढत होता. ६ सप्टेंबरला हॅकनीतल्याच एका जुन्या नाट्यगृहात त्याची रीतसर घोषणा झाली, २० ऑक्टोबरला तो बाजारात आला आणि ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मिक जॅगर यांनी त्याआधी तीन महिन्यांपूर्वीच वयाची ८० वर्षे पूर्ण केली होती.

सहा दशके जगभर गाजत असलेल्या बँडला आपल्या नव्या गाण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी अशी क्लृप्ती का लढवावी लागावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. नाव मोठे, चाहते कोट्यवधी, पैशाला तोटा नाही; तेव्हा नव्या अल्बमची नुसती बातमी दिली तरी पुरे व्हावे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. जुन्या, नामवंत पॉप बँडला आज मैदाने भरणे सोपे आहे. नवे गाणे ऐकवणे अवघड आहे. जी माणसे भरमसाट किमतीची तिकिटे काढून कार्यक्रमाला येतात, त्यांपैकी कित्येकांनी त्या बँडचा गेल्या वीस वर्षांतील एकही अल्बम ऐकलेला नसतो. हा विरोधाभास केवळ पाश्चात्त्य संगीत-व्यवसायापुरता मर्यादित नाही. ज्या कलावंताने तरुणपणी लोकांना भरभरून दिले, त्याला उतारवयात काही नवे सांगण्याचा अधिकार समाज देतो की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. म्हणूनच जुने बँड आपले नवे काम लोकांपर्यंत कसे नेतात, याचा विचार निव्वळ जाहिरातशास्त्राच्या अंगाने करून भागणार नाही.

स्वतःशीच स्पर्धा

एके काळी गाण्याची तबकडी दुकानात विकली जाई. दुकानातील फळ्या मर्यादित असत. नवा माल आला की जुना मागे सरके. नव्या अल्बमला काही आठवडे तरी समोरची जागा मिळे, रेडिओवर त्यातील गाणी वाजत आणि मग लोकांची पसंती-नापसंती ठरे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांनी ही व्यवस्था मोडीत काढली. तेथे १९६५ चे गाणे आणि काल प्रसिद्ध झालेले गाणे एकाच फळीवर, एकाच किमतीत, बोटाच्या एका स्पर्शावर उपलब्ध असते. साहजिकच नव्याला नवेपणामुळे मिळणारे संरक्षण संपले. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतात दीड वर्षाहून जुन्या ध्वनिमुद्रणांचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे अलीकडच्या काही वर्षांतील आकडे सांगतात.

या परिस्थितीत नव्या दमाच्या गायकाला इतरांच्या जुन्या गाण्यांशी झुंजावे लागते. जुन्या बँडचे दुर्दैव असे की, त्याची झुंज स्वतःच्याच जुन्या गाण्यांशी असते. २०२० मध्ये अमेरिकेतील एका सामान्य माणसाने स्केटबोर्डवरून रस्त्याने जाताना, बाटलीतून फळांचा रस पीत, 'फ्लीटवुड मॅक' या बँडच्या 'ड्रीम्स' या गाण्यावर ओठ हलवले आणि ते चित्रण टिकटॉकवर टाकले. काही सेकंदांचा हा प्रसंग कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि ज्यात हे गाणे आहे तो १९७७ चा 'रूमर्स' हा अल्बम अमेरिकेतील पहिल्या दहांत परत आला. या योगायोगामागे कोणा विक्री-तज्ज्ञाची योजना नव्हती. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, केट बुश यांचे १९८५ चे एक गाणे 'स्ट्रेंजर थिंग्ज' या चित्रमालिकेत वापरले गेले आणि ३७ वर्षांनंतर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. नवी पिढी जुन्या कलावंतांना विचारत नाही, ही नेहमीची तक्रार त्यामुळे खरी ठरत नाही. ती त्यांना आवडीने ऐकते; परंतु ऐकते ते त्यांचे चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे. त्या कलावंताने यंदा काय केले, याची चौकशी करण्याची तिला गरज वाटत नाही.

मुंबईकरांनीही याचा अनुभव घेतला आहे. आयर्लंडचा 'यू टू' हा बँड डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये प्रथमच भारतीय श्रोत्यांसमोर उभा राहिला, तेव्हा त्या दौऱ्याला नाव होते १९८७ च्या 'द जोशुआ ट्री' या अल्बमचे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरातच हातोहात संपली आणि काळ्या बाजारात त्यांचे भाव मूळ किमतीच्या अनेक पटींनी चढले. या बँडचा 'मून म्युझिक' हा नवा अल्बम आला तो त्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे गर्दी आधी आणि गाणी नंतर! तिकिटासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्याला नव्या गाण्यांची वाट पाहण्याचे काही कारणच नव्हते.

न मागता वाढलेले पान

नवे गाणे लोकांनी ऐकावे यासाठी ते त्यांच्या घरातच नेऊन ठेवावे, असे 'यू टू'ला २०१४ मध्ये वाटले. त्या वर्षी ९ सप्टेंबर रोजी ॲपल कंपनीने आपल्या नव्या फोनचे अनावरण करताना या बँडचा 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा अल्बम ग्राहकांना फुकट देत असल्याचे जाहीर केले. फुकट देणे याचा व्यवहारातील अर्थ असा झाला की, आयट्यून्सच्या सुमारे ५० कोटी खातेदारांच्या संग्रहात तो अल्बम त्यांना न विचारता जमा झाला. एका दिवसात एवढे प्रचंड वितरण ही बँडच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती. प्रत्यक्षात संतापाची लाट उसळली. तक्रार गाण्यांच्या दर्जाबद्दल नव्हतीच. आपल्या खासगी संग्रहात कोणीतरी परस्पर हात घातला, ही भावना लोकांना झोंबली. ॲपलला आठवड्याच्या आत तो अल्बम काढून टाकण्याची खास सोय करून द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात बोनो यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनातही त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली.

पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी गोड लागते, कारण जेवणारा स्वतःच्या पायांनी पंगतीत येऊन बसलेला असतो. घरात कोणी नसताना खिडकीतून जिलब्यांची परात आत सरकवून जाणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. वस्तुतः फुकट देण्यात काही गैर नाही. 'रेडिओहेड' या ब्रिटिश बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये 'इन रेनबोज' हा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि त्याची किंमत ठरवण्याचे काम श्रोत्यावर सोपवले. कोणी काही दिले, कोणी काहीच दिले नाही. परंतु गाणे घ्यावे की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवले. आपल्याकडे 'इंडियन ओशन' या १९९० मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या बँडनेही असेच केले. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे एक आधारस्तंभ असीम चक्रवर्ती निवर्तले. त्यांच्या आवाजातील अखेरच्या गाण्यांचा '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम बँडने २०१० पासून दरमहा एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. अल्बमला नाव दिले होते ते ज्या जुन्या घरात वर्षानुवर्षे तालमी झाल्या त्या घराच्या पत्त्याचे. श्रोत्याने महिनाभर वाट पाहायची आणि मग आपण होऊन गाणे घरी न्यायचे, अशी ही रीत होती. तिच्यामुळे प्रत्येक गाण्याला स्वतंत्र महिना मिळाला. एकाच वेळी सगळी गाणी लोकांपुढे ओतली असती, तर त्यांतील बरीचशी दुसऱ्यांदा क्वचितच ऐकली गेली असती.

खपाचे हिशेब

अल्बम पहिल्या क्रमांकावर आला, असे वाचले की तो घरोघर वाजत असेल, असा समज होतो. जुन्या बँडच्या बाबतीत तो पुष्कळदा फसवा असतो. स्ट्रीमिंगवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे धरले जाते. आणि अल्बमच्या याद्या करताना पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी सुमारे हजार वेळा गाणी ऐकली, तर ती एका प्रतीच्या विक्रीबरोबर मानण्याचा संकेत ब्रिटन-अमेरिकेत रूढ झाला. याचा अर्थ उघड आहे. एखाद्या पन्नाशीतील चाहत्याने नवा अल्बम वीस वेळा मन लावून ऐकला, तरी यादीच्या हिशेबात त्याचे मोल नगण्य. त्याच गृहस्थाने तबकडी विकत घेतली आणि ती वेष्टनही न फोडता कपाटात ठेवली, तरी एक संपूर्ण विक्री नोंदली जाते.

जुन्या बँडच्या व्यवस्थापकांनी हे गणित अचूक हेरले आहे. त्यांचे चाहते मिळवत्या वयाचे असतात, त्यांना वस्तू जवळ बाळगण्याची सवय असते आणि तबकडीच्या मोठ्या वेष्टनाशी त्यांच्या तारुण्याच्या आठवणी जोडलेल्या असतात. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांच्या खपाने १९८७ नंतर प्रथमच सीडींच्या खपाला मागे टाकले, त्यामागे हीही एक प्रेरणा आहे. स्वीडनच्या 'ॲबा'चा 'व्हॉयेज' हा अल्बम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात त्याच्या २ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्यांत तबकड्या, सीडी आणि कॅसेट यांचाच भरणा होता. इथपर्यंत आक्षेप घेण्याजोगे काही नाही. परंतु याच वाटेने पुढे गेल्यावर तीच गाणी चार रंगांच्या तबकड्यांवर, पाच निरनिराळ्या वेष्टनांत विकण्याचा मोह होतो. निष्ठावान चाहत्याने तोच अल्बम पुन्हा पुन्हा घ्यावा, अशी व्यवस्था केली जाते. कार्यक्रमाच्या तिकिटाबरोबर अल्बम जोडून देण्याची प्रथा हा त्याचाच दुसरा प्रकार. २०१७ मध्ये 'यू टू'चा 'साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला, त्यात अशा जोडविक्रीचा मोठा हात होता. 'बिलबोर्ड'ने २०२० मध्ये नियम बदलून अशा प्रती मोजणे बंद केले, ते योग्यच झाले.

अशा उपायांनी पहिला आठवडा साजरा होतो. दुसऱ्या आठवड्यात अल्बम झपाट्याने घसरतो. कारण त्याला एकही नवा श्रोता मिळालेला नसतो. जे आधीपासून आपले आहेत, त्यांच्याच खिशातून अधिक पैसे काढणे याला विक्री म्हणता येईल. प्रसार म्हणता येणार नाही.

वय लपवावे की सांगावे?

मग नवा श्रोता मिळवायचा कसा? या ठिकाणी जुन्या बँडना हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे तरुण व्हा! तरुण गायकाला सोबत घ्या, आजच्या धाटणीचा ठेका वापरा, टिकटॉकवर नाचा. स्टोन्सनी हा सल्ला काही अंशी मानला. 'हॅकनी डायमंड्स'चा निर्माता अँड्र्यू वॉट हा तिशीतला तरुण होता, लेडी गागा एका गाण्यात सहभागी झाल्या आणि पहिल्या गाण्याच्या चित्रफितीत सिडनी स्वीनी ही तरुण अभिनेत्री झळकली. परंतु या सगळ्याच्या मुळाशी असलेले संगीत स्टोन्सचेच राहिले. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर हे समवयस्क सोबती त्यात होते, आणि २०२१ मध्ये दिवंगत झालेले चार्ली वॉट्स यांचे ड्रमवादन दोन गाण्यांत जपलेले होते. २०२४ च्या त्यांच्या अमेरिकेतील दौऱ्याची प्रायोजक तर पन्नाशी ओलांडलेल्यांच्या हितासाठी काम करणारी 'एएआरपी' ही संस्था होती. बंडखोर तारुण्याचे प्रतीक म्हणून एके काळी ज्यांची धास्ती घेतली गेली, त्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थेचे नाव आपल्या दौऱ्याशी जोडावे, यावर विनोद झाले असतील. पण त्यात एक प्रांजळपणाही होता.

'ॲबा'चे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ मध्ये ब्रायटन येथील युरोव्हिजन स्पर्धा जिंकून जगापुढे आलेला हा चौघांचा बँड १९८२ नंतर एकत्र गायचा थांबला. २००० च्या सुमारास पुन्हा एकत्र येण्यासाठी देऊ केलेले शंभर कोटी डॉलर त्यांनी नाकारले. मधल्या काळात त्यांची गाणी मात्र स्वस्थ बसली नव्हती. १९९२ मधील 'ॲबा गोल्ड' हा निवडक गाण्यांचा संग्रह, १९९९ मध्ये लंडनला सुरू झालेले 'मामा मिया!' हे संगीत नाटक आणि त्यावरचे २००८ व २०१८ मधील दोन चित्रपट यांनी आजीची गाणी नातीपर्यंत नेऊन पोहोचवली. त्यामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या अल्बमची घोषणा झाली, तेव्हा ऐकणाऱ्या तीन पिढ्या तयार होत्या. चाळीस वर्षांच्या मौनानंतर आलेल्या या गाण्यांत त्या वेळच्या लोकप्रिय ठेक्यांचे अनुकरण नव्हते. गायिकांचे आवाज वयाप्रमाणे खाली उतरले होते आणि ते तसेच राहू दिले होते. लंडनमधील प्रयोगात मात्र त्यांनी दुसरी वाट धरली. तेथे ३००० प्रेक्षकांच्या खास उभारलेल्या नाट्यगृहात मे २०२२ पासून संगणकाने घडवलेल्या त्यांच्या तरुण प्रतिमा गाऊ लागल्या. साथीला वादक तेवढे हाडामांसाचे. या प्रयोगात सुमारे वीस गाणी. त्यांत नव्या अल्बमची अवघी दोन. ज्यांनी नवी गाणी केली, त्यांनाही स्वतःच्या जुन्या गाण्यांपुढे एवढीच जागा मिळवता आली.

तरीही ती दोन गाणी तेथे आहेत, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. जुन्याच्या ओढीने आलेल्या श्रोत्याला वाटेत नवे भेटावे, हाच यातील शहाणपणाचा मार्ग दिसतो.

विश्वासाची पुंजी

या मार्गावर सर्वांत सरळ चालला तो 'द क्युअर' हा इंग्लिश बँड. १९७० च्या दशकात क्रॉली या गावी सुरू झालेल्या या बँडने २००८ नंतर अल्बम काढला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपचा दौरा सुरू करताना त्यांनी एक धाडस केले. कार्यक्रमाची सुरुवात गाजलेल्या गाण्याने न करता, कोणीही न ऐकलेल्या एका संथ, दीर्घ नव्या गाण्याने केली. आणि अल्बमचा पत्ता नसताना त्यातील गाणी दौऱ्यात गात राहिले. श्रोते जुन्या गाण्यांसाठी आले होते, ती त्यांना मिळालीच; पण दोन वर्षांत ही नवी गाणीही त्यांच्या ओळखीची झाली.

२०२३ मध्ये हाच बँड अमेरिकेत गेला, तेव्हा मागणी वाढेल तशी तिकिटाची किंमत वाढवण्याची पद्धत रॉबर्ट स्मिथ यांनी नाकारली आणि काही तिकिटे अवघी २० डॉलरची ठेवली. तिकिटे विकणाऱ्या कंपनीने त्यावर इतके आकार लावले की, काही ठिकाणी ते मूळ किमतीहून अधिक झाले. स्मिथ यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला आणि कंपनीला चाहत्यांचे काही पैसे, तिकिटामागे ५ ते १० डॉलर, परत करावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. परंतु आपल्या बाजूने कोणीतरी भांडले, ही भावना श्रोत्यांच्या मनात राहिली. पुढच्या वर्षी नव्या अल्बमची वेळ आली, तेव्हा पहिला सुगावा क्रॉलीतील ज्या मद्यगृहात हा बँड सुरुवातीला गात असे, तेथे लावलेल्या एका फलकावरून लागला. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला; त्याच संध्याकाळी लंडनमधील एका नाट्यगृहात तो आरंभापासून अखेरपर्यंत सादर झाला आणि जगभर कोणालाही तो कार्यक्रम विनामूल्य पाहता आला. म्हातारपण, आप्तांचे मृत्यू, हातून निसटलेला काळ हे त्याचे विषय. त्यात भावाच्या निधनावरचेही एक गाणे आहे. तरुणांना रिझवण्याचा कोणताही खटाटोप त्यात नव्हता. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. हा मान या बँडला १९९२ नंतर प्रथमच मिळाला.

हॅकनीच्या स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरात आणि क्रॉलीच्या मद्यगृहातील फलक यांत एक साम्य आहे. जगभर नाव असलेल्यांनी आपली बातमी मुद्दाम लहान जागी ठेवली आणि ती शोधण्याचे काम श्रोत्याकडे सोपवले. ज्याने शोधले, त्याने चार जणांना सांगितले. पन्नास कोटी घरांत न विचारता शिरण्याच्या अगदी उलट अशी ही पद्धत आहे. तिच्यात श्रोत्याच्या बुद्धीला आणि निवडीला मान आहे.

फर्माईश आणि नवी चीज

जुन्यांच्या या खटपटींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्यांनी पुष्कळ कमावले, त्यांनी आता थांबावे आणि तरुणांना जागा द्यावी, असे म्हटले जाते. तरुण कलावंतांची कुचंबणा खरी आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि तरुणांची जागा अडवते ते जुन्यांचे नवे गाणे नव्हे. असा अल्बम काही आठवडे चर्चेत राहतो आणि बाजूला होतो. कायमची जागा अडवून बसलेला असतो तो जुन्या गाण्यांचा संग्रह. आणि भांडवलाची खरी गुंतवणूक आज तेथेच होत आहे. अमेरिकेच्या 'किस' या बँडने २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला आणि त्याच मंचावर आपल्या संगणकीय प्रतिमांचे दर्शन घडवले. पुढल्या वर्षी त्यांची गाणी, नाव आणि रूप एका स्वीडिश कंपनीने विकत घेतले. प्रतिमा थकत नाही, आजारी पडत नाही आणि नवे गाणे करण्याचा हट्टही धरत नाही. व्यापाराला याहून सोयीचा कलावंत कोणता? अशा काळात ऐंशीच्या घरातील गायकाने नवी चाल बांधून लोकांसमोर येणे ही तरुणांवर कुरघोडी ठरत नाही. आज जे तरुण आहेत, त्यांनाही उद्या याच दारातून जायचे आहे.

तेव्हा जुन्या बँडला नवा अल्बम लोकांपर्यंत न्यायचा असेल, तर काही पथ्ये पाळावी लागतील. सांगण्यासारखे काही असेल तेव्हाच तो काढावा. 'ॲबा'ची चाळीस, स्टोन्सची अठरा किंवा 'क्युअर'ची सोळा वर्षे ही निव्वळ आळसाची वर्षे नव्हती, त्यांनी श्रोत्यांच्या मनात जागा रिकामी केली. वय झाकू नये. जुन्या गाण्यांशी वैर न धरता त्यांच्याच बरोबर नवी गाणी मंचावर आणावीत आणि ती रुळायला अवधी द्यावा. चाहत्याला पाच वेष्टनांत तीच वस्तू विकू नये. आणि शेवटी, पूर्वीच्या खपाशी तुलना करून स्वतःला हिणवू नये. आयुष्यभराच्या श्रोत्यांपैकी थोड्यांनी जरी नवे गाणे मनापासून ऐकले, तरी ते श्रोते खरे.

ही सारी जबाबदारी गाणाऱ्यांचीच आहे, असेही नाही. भावगीतांच्या मैफलीत मंचाकडे सरकणाऱ्या चिठ्ठ्या मराठी रसिकांना परिचित आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर तेच तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे असते. गायक हसतो, गातो, टाळ्या पडतात. मध्येच तो एखादी नवी चाल ऐकवण्याची परवानगी मागतो, तेव्हा मागच्या रांगांतले लोक चहाला उठतात. इंटरनेटवरील प्रचंड बाजार ही अशाच चिठ्ठ्यांची रास आहे. त्या वाचण्यावाचून कोणत्याही बँडला गत्यंतर नाही. पण तो नवे काही गाऊ लागला, तर ती पाच मिनिटे जागेवर बसून राहणे एवढे श्रोत्याच्या हाती आहे. जुनी गाणीही कधीतरी प्रथमच गायली गेली होती, आणि तेव्हा कोणीतरी ती बसून ऐकली होती.